कुणाचा धावा

मॅरेथॉनच्या आधीचे शेवटचे दहा दिवस पळायचं नसतं, हे मला कुठं ठाऊक होतं? परीक्षा जवळ आली की पोरं जास्त अभ्यास करतात, तसं आपणही शेवटी शेवटी जास्त पळायचं असेल, अशी माझी समजूत. परभणीचे एक निवृत्त क्रीडाशिक्षक आम्हा दहा-बारा जणांना फोनवरून शिकवायचे. त्यांना आम्ही सर म्हणायचो. गुरुवारी संध्याकाळी त्यांचा निरोप आला. उद्यापासून अंग राखायचं. अधूनमधून थोडं हलकं पळणं, बाकी आराम. जड उचलायचं नाही, उन्हातान्हात हिंडायचं नाही, बाहेरचं खायचं नाही, नवीन काही अंगावर घालायचं नाही. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी नांदेडला बेचाळीस किलोमीटर पळायचं होतं. माझी पहिलीच खेप. वय सत्तेचाळीस.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, पिंगळीला माझी आई गेली. आम्ही तिला माय म्हणायचो. म्हणजे ज्या दिवशी माझं पळणं थांबलं त्याच दिवशी ती गेली. पुढचे दहा दिवस कसे काढले ते सांगायचं तर आधी पळण्याचं सांगायला पाहिजे, कारण माझं पळणं आणि माझी माय एकाच रस्त्यावर होते.

मला ताडकळसला दिली. आमचं किराणा दुकान आहे आणि त्याला लागून पिठाची गिरणी. दुकान नवरा बघतो, गिरणी माझ्याकडं. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखर वाढलीय म्हणून सांगितलं आणि रोज चाला म्हणाले. मी सकाळी गावातल्या बायकांबरोबर रस्त्यानं चालायला लागले. पण त्या चालायच्या कमी आणि सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या जास्त. माझी दोन्ही पोरं अजून शिकतात. त्यामुळं माझ्याकडं सांगायला काही नव्हतं आणि ऐकायला मात्र सगळं होतं. एक दिवस वैतागून मी पुढं सटकले. दुसऱ्या दिवशी त्या गाठतील म्हणून जरा पळाले. तिसऱ्या दिवशी आणखी जरा. लोक आता विचारतात, ताई, प्रेरणा कुणाची? काय सांगणार?

वर्षभरानं अंगात बळ आलं तसा एका रविवारी सकाळी विचार केला, आज थेट माहेर गाठू. ताडकळसहून पिंगळीचा रस्ता सरळ आहे. दोन्ही बाजूला ज्वारी उभी, थंडी पडलेली, वाहनं तुरळक. मी कुणाला न सांगता निघाले, म्हणजे नवऱ्याला सांगितलं, माहेरी सांगितलं नाही. तिथं चूक झाली.

आमच्याकडं कुणी धावत नाही, सगळे पळतात. आणि सासरहून लेक पळत आली याचा आमच्याकडं एकच अर्थ होतो. मी गल्लीत शिरले तेव्हा केस सुटलेले, तोंड लाल, अंगात नवऱ्याचा जुना सदरा. मायच्या घरासमोर एक काकू राहतात. शेतकरी घरातल्या, मायच्याच वयाच्या, दोघींचा उभा जन्म समोरासमोरच्या ओट्यांवर गेलेला. काकू तूर पाखडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी सूप खाली टाकलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "अगं बया, लेक पळून आली गं तुजी!"

माय पिठाच्या हातानं बाहेर आली. "काय झालं गं? हात उचलला का त्यानं?"

मला धाप लागलेली. बोलता येईना. मी नुसती मान हलवत होते, आणि ती मान लोकांनी हवी तशी घेतली. पाच मिनिटांत ओटा भरला. कुणी पाणी दिलं, कुणी वारा घातला. गल्लीतले एक वयस्कर मामा पटका सावरत म्हणाले, "आदी तिला बसू द्या. मंग चार मानसं घेऊन आमी जातो बोलायला." तोवर कुणीतरी माझ्या नवऱ्याला फोन लावलाही होता. तो बिचारा गल्ल्यावर साखर जोखत होता. म्हणाला, "हां, पळत गेलीय. पोचली का?" फोन स्पीकरवर होता. सगळ्या ओट्यानं ते ऐकलं. काकू म्हणाल्या, "बगा, लाज हाय का मेल्याला!"

शेवटी मला वाचा फुटली आणि सगळं स्पष्ट झालं. लोक हसत, थोडे नाराजही होऊन घरी गेले. पण मायचा विश्वास बसला नाही. तिनं पाणी तापवलं, मला न्हाणीत बसवलं, आणि पाठ चोळून देते म्हणून माझी सगळी पाठ नीट बघून घेतली. वळ कुठं दिसेना तेव्हा म्हणाली, "मंग कशाला जीव काढायलीस गं?"

त्यानंतर एक रविवार सोडून एक रविवार मी पिंगळीला पळत जायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, भाऊ पुण्याला कंपनीत. माय दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची आणि एकटं राहण्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. मी गल्लीच्या तोंडाशी दिसले की ती ओट्यावरून उठायची, कमरेवर हात ठेवायची आणि तोंडावरची रेषही न हलवता विचारायची, "काय झालं गं? मारलं का?" मी म्हणायची, "कुठं काय. आपली आले." समोरून काकू तेच विचारायच्या. त्यांनाही तेच उत्तर. मग पाणी, गुळाचा खडा, मीठ घातलेलं ताक. माझे कोरडे कपडे तिथंच ठेवलेले असायचे. घामाचे कपडे ती धुऊन वाळत घालायची आणि मी बसनं परत यायची. चार वर्षांत एवढा सुखाचा दुसरा रस्ता मी बघितला नाही.

मॅरेथॉनचं नाव नोंदवलं तेव्हा नांदेडहून एक लाल पत्रक आलं होतं. ते मी तिला दाखवायला नेलं. मायची शाळा चौथीपर्यंत. अक्षर-अक्षर जोडून ती वाचायची. पत्रकावर मोठ्या टायपात छापलं होतं, "धावा!" तिनं ते दोनदा वाचलं, पत्रक उलटून मागं बघितलं आणि म्हणाली, "कुणाचा धावा हाय गं? फोटू न्हाई छापला."

बाहेरच्या वाचकाला हे सांगायला पाहिजे. आम्ही दहाला धा म्हणतो. माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी नदीवर जो विधी करतात तो दहावा, म्हणजे आमच्या तोंडी धावा. गावात हल्ली त्याचेही फलक लागतात, गेलेल्याचा फोटो, खाली दिवस आणि वेळ. मायला वाटलं, नांदेडला कुणी मोठा माणूस गेला असेल आणि त्याच्या धाव्याला लोकांना बोलावलंय. मी तिला समजावून सांगितलं, अगं, धावा म्हणजे पळा. पुस्तकात पळायला धावणं म्हणतात. ती एवढी हसली की डोळ्याला पदर लावावा लागला. पुढं तो तिचा खेळच झाला. काकूंना सांगायची, "माजी लेक नांदेडला धाव्याला जानार हाय." काकू दचकून विचारायच्या, "कोन गेलं गं?"

त्याच दिवशी ताक पिताना तिनं विचारलं, "बेचाळीस किलोमीटर पळून पोचायचं कुटं?"

"जिथून निघाले तिथंच."

"आन शेवटाला कोन असतंय?"

"कोण असणार? पाणी देतात. पदक देतात."

ती म्हणाली, "मी येऊ का? इथनं सकाळची गाडी हाय. शेवटाला उभी ऱ्हाते."

आणि मी तिला म्हणाले, "थंडीचं कुठं येतेस, माय. तिथं गर्दी असते. मला पळायचं का तुला शोधायचं?"

असं म्हणाले मी. तिनं मनावर घेतलं असं दिसलं नाही. "बरं," म्हणाली आणि पेला विसळायला उठली. तिला नको म्हणायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. पुढं ते वाक्य किती वेळा तोंडात घोळवलं त्याला गणती नाही.

शुक्रवारी मी गिरणीत होते. पट्टा चालू असला की फोन ऐकू येत नाही. नवरा दुकानातून आला आणि त्यानं हात वर करून गिरणी बंद करायची खूण केली. त्याच्या तोंडाकडं बघून मी ओळखलं, फक्त कुणाचं ते ओळखता आलं नाही. माय सकाळी ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती आणि बसल्या जागी कलंडली. काकू पाणी घेऊन पळाल्या, तोवर संपलं होतं. आम्ही मोटरसायकलवर निघालो. ज्या रस्त्याचा प्रत्येक मैलाचा दगड माझ्या पायांना पाठ होता, तो रस्ता मी मागं बसून, नवऱ्याच्या खांद्याला धरून बघत गेले. खरोखर पळत जायला हवं होतं त्या दिवशी मी गाडीवर गेले, हे मला फार लागलं. उगीच आहे, पण लागलं.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस मेला म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात, शिवात मिळाला. मायला भिंतीला टेकवून बसवली, कपाळाला विभूती लावली, फुलांनी सजवली आणि बसलेलीच वाजतगाजत नेली. मातीत ठेवतानाही मांडी घातलेली, गळ्यातलं लिंग डाव्या हातावर. ओट्यावर बसायची तशीच. मला वाटलं, आत्ता विचारेल, काय झालं गं? मी हंबरडा फोडणार तेवढ्यात सासूबाईंनी माझा दंड धरला. म्हणाल्या, "रडायचं न्हाई. तिचं सोनं झालं." मी रडले नाही. त्या दिवशी जे गिळलं ते आतच बसून राहिलं.

आमच्यात सुतक नसतं. दहावा नाही, तेरावा नाही, शिवाशिव नाही. मोठी समजूतदार रीत आहे आणि मला तिचा एरवी अभिमान वाटतो. भाऊ चौथ्या दिवशी पुण्याला परत गेला. जाताना घराची किल्ली काकूंकडं ठेवली. त्याचं चुकलं असं म्हणणार नाही, सुतकच नाही तर साहेबाला काय सांगून रजा मागणार? मीही ताडकळसला आले. सासूबाई म्हणाल्या, "गिरनी उगड आता. लोकांचं दळन खोळंबलंय." उघडली.

दळण घेऊन येणाऱ्या बायका दारात थबकायच्या. त्यांच्या घरी कुणी गेलं की दहा दिवस देव कोंडलेले, तेल बंद, गोडधोड बंद, बाई कोपऱ्यात घोंगडीवर बसलेली, आणि शेजारीपाजारी भाकरी आणून देतात. इथं चौथ्या-पाचव्या दिवशी मी पट्ट्यापाशी उभी. एकीनं डबा ठेवत म्हटलं, "तुमचं बरं हाय ताई, तुमच्यात पाळाय लागत न्हाई." तो डबा पिठासकट तिच्या अंगावर टाकावा असं मला वाटलं. मी तिचं दळण जरा जाडंच काढलं. एवढाच काय तो सूड.

मला सुतक हवं होतं. हे कुणापाशी बोलायची सोय नव्हती. मला कुणीतरी कोपऱ्यात बसवायला हवं होतं. हिला हात लावू नका, हिची आई गेलीय, असं चार लोकांत म्हणायला हवं होतं. त्याऐवजी सगळे मला मोकळं सोडत होते.

मग माझ्या ध्यानात आलं की सरांचा निरोप उतरवून घेतलेला कागद आहे. अंग राखायचं. जड उचलायचं नाही. बाहेरचं खायचं नाही. नवीन काही घालायचं नाही. लवकर निजायचं. दिवसातून दोनदा पाय भिंतीला वर टेकवून पडायचं. पाळणूक म्हणून हे काही कमी नव्हतं. मी ते अक्षरशः पाळलं. दळणाचे डबे उचलायला नवऱ्याला बोलवायची. बाजारच्या दिवशी समोर भजी तळत होते तरी तोंड लावलं नाही. दुपारी खोलीत भिंतीला पाय लावून पडले की घरातले म्हणायचे, पळायची तयारी चाललीय. मी तिथं मायचं सुतक धरून पडलेली असायची.

त्यात पायांनी वेगळंच काढलं. चार वर्षांत कधी न दुखलेला गुडघा दुखायला लागला. पोटऱ्या ठणकायच्या. पळत होते तोवर मन कुठं रिकामं नव्हतं. आता दिवसभर ते मायपाशी जाऊन बसायचं. तिला "थंडीचं कुठं येतेस" म्हणाले ते पुन्हा पुन्हा ऐकू यायचं. सरांना फोन केला तर म्हणाले, "होतं असं सगळ्यांना. पळणं कमी केलं की शरीर कुरकुर करतं. घाबरायचं नाही."

"सर, माझी आई गेली," मी म्हणाले. गुरुवार होता. आठवडा होत आला होता आणि मी हे त्यांना सांगितलं नव्हतं.

ते म्हणाले, "पुढच्या वर्षी पळा, बाई. शर्यत कुठं पळून चाललीय?"

"मग तसं सांगा की. नको पळू म्हणा."

"मी कोण सांगणारा?"

नवरा म्हणाला, तू ठरव. भाऊ फोनवर म्हणाला, ताई, तुझी मर्जी. सासूबाई तर म्हणाल्या, "जा, पळ. आपल्यात अडत न्हाई काई." मला कुणाची तरी बंदी हवी होती आणि जो तो परवानगी देत होता. एकच माणूस होतं ज्यानं कमरेवर हात ठेवून विचारलं असतं, कशाला जीव काढायलीस?

शनिवारी दुपारी नांदेडला निघायचं होतं. सकाळी पिशवी भरताना कळलं की मोजे नाहीत. माझ्या एकाच जोडीनं पायाला फोड येत नाहीत, करड्या रंगाची जुनी जोडी. ती शेवटच्या रविवारी घामाच्या कपड्यांत मायकडं राहिली होती. घरात नवे मोजे होते, पण नवीन काही घालायचं नाही हा नियम. मी नवऱ्याला म्हणाले, बसनं जाते आणि घेऊन येते. सरांच्या कागदावर त्या दिवशी वीस मिनिटं हलकं पळायला सांगितलंही होतं. मी बूट घातले, फाट्यावर बसमधून उतरले आणि तिथून घरापर्यंत पळत निघाले. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

पाय आपोआप त्याच गल्लीत वळले. मी खाली बघत पळत होते, कारण मायचा ओटा रिकामा असणार हे माहीत होतं. आणि काकूंच्या ओट्यावरून आवाज आला, "काय झालं गं?"

काकूंनी मुद्दाम विचारलं नसणार. तीन वर्षांची सवय. मला पळत येताना बघितलं की त्यांच्या तोंडून ते निघायचंच. माझ्याही तोंडात उत्तर तयार होतं, कुठं काय, आपली आले. ते आलंच नाही. मी गल्लीच्या मधोमध उभी राहिले आणि म्हणाले, "माय गेली, काकू."

मायचं तोंड शेवटचं पुसणाऱ्या त्याच होत्या, तरी मी त्यांना बातमी सांगावी तसं सांगितलं. तीन वर्षांत त्या प्रश्नाला पहिल्यांदा खरं उत्तर मिळालं होतं. मग जे गिळलं होतं ते सगळं वर आलं. मी त्यांच्या ओट्याच्या पायरीवर बसून मोठमोठ्यानं रडले, गल्लीला ऐकू जाईल असं. काकूंनी रडायचं न्हाई असं काही म्हटलं नाही. माझं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "रड. रड माजे बाय."

मी निवळले तेव्हा त्यांनी पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. मग कनवटीची किल्ली काढून घर उघडलं. मोजे परसात दोरीवर होते. माय जाण्याच्या आधी धुऊन वाळत घातलेले, नऊ दिवस तिथंच. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलं होतं ते मला माहीत होतं. ते तिनं रफू केलं होतं. गोधडीच्या जाड दोऱ्यानं, शेवटी चांगली टणक गाठ मारून. पळणाऱ्या कुठल्याही माणसानं सांगितलं असतं की त्या गाठीनं बेचाळीस किलोमीटरमध्ये अंगठा सोलून निघेल. मी मोजे छातीशी धरून काकूंपाशी येऊन बसले.

काकू बोटं मोजत होत्या. "सुक्करवार एक. शनवार दोन. आइतवार तीन..." दुसऱ्या हातावर आल्या. "आज शनवार, नऊ. तुमच्यात नसतंय म्हन. पन आमच्यात असती तर उद्या तिचा धावा."

बोलून त्या थांबल्या. माझ्याकडं बघितलं. मग पदर तोंडावर धरून म्हणाल्या, "अगं बया. ती म्हनायची की, माजी लेक नांदेडला धाव्याला जानार हाय."

मला वाटतं आम्हाला हसूही आलं असतं, ती असती तर. काकू म्हणाल्या, "धावा नदीवर करत्यात. नांदेडला गोदावरीच हाय. जा तू."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला मायसाठी काय करायचं ते सांगितलं. मी मोजे खिशात घातले आणि परतीची बस धरली.

रविवारी पहाटे नदीकाठच्या मैदानावर शेकडो माणसं थंडीत उड्या मारत उभी होती. मी मायनं रफू केलेलाच मोजा घातला होता. गाठ अंगठ्याला आत्ताच लागत होती. बेचाळीस किलोमीटर पळून इथंच परत यायचं होतं आणि शेवटाला माझं कुणी नसणार होतं. जे येणार होतं त्याला मीच नको म्हणाले होते. हे घेऊनच पळायचं, दुसरा काही इलाज नव्हता.

माइकवरच्या माणसानं दहापासून उलटे आकडे मोजले. आम्हीही मोजले. मग तो जीव खाऊन ओरडला, "धावा!"

आणि मला अगदी स्वच्छ ऐकू आलं, पत्रक उलटून बघत विचारावं तसं, "कुणाचा धावा हाय गं?"

"तुजा, माय," मी मोठ्यानं म्हणाले आणि पळायला लागले.